ऊब राखण्याचा विचार : विनयपिटकापासून आपल्या घरापर्यंत

हिवाळ्यात घर उबदार कसे ठेवावे, हा विषय नाहूरच्या स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मुंबईच्या उपनगरांत जानेवारीचे सरासरी किमान तापमान 16-17 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. जानेवारी 1962 मध्ये पारा 7.4 अंशांपर्यंत उतरला होता, ती गोष्ट अपवाद म्हणूनच सांगितली जाते. युरोपातल्याप्रमाणे खोल्या तापवण्याची यंत्रे येथे कोणी बसवत नाही आणि तशी गरजही नाही.

तथापि निवासी विद्यालयाचा परिवार एका उपनगरापुरता नसतो. पालकांची गावे विदर्भात, मराठवाड्यात, नाशिकच्या पट्ट्यात आहेत. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपुरात किमान तापमान 3.5 अंश नोंदले गेले, यावरून त्या भागातील थंडीची कल्पना यावी. मुंबईतही हिवाळा सर्वांना सारखा भेटत नाही. सिमेंटच्या इमारतीतील चौथ्या मजल्यावर जी हवा आल्हाददायक वाटते, तीच भांडुप-मुलुंडच्या डोंगरउतारावरील पत्र्याच्या घरात पहाटे तीन वाजता तान्ह्या मुलाला आणि दमेकरी वृद्धाला असह्य होते. थंडी किती, हे निसर्ग ठरवतो. ती कोणाला किती बाधते, हे छप्पर, अंथरूण आणि इंधन ठरवते. म्हणूनच हा विषय अभ्यासाचा आहे.

या लेखात दोन नियम मांडावयाचे आहेत. पहिला असा : उष्णता निर्माण करण्यापेक्षा असलेली उष्णता राखणे स्वस्त असते आणि सोपेही असते. दुसरा असा : जेथे काही जळते, तेथे धुराला आणि विषारी वायूला बाहेर जाण्याची वाट असलीच पाहिजे. उष्णतेची वाट अडवा, धुराची वाट मोकळी ठेवा, एवढे एक वाक्य ध्यानात राहिले तरी पुरे. आश्चर्य वाटेल, पण या दोन्ही नियमांची स्पष्ट उदाहरणे विनयपिटकात आढळतात.

चार पदरांचा हिशेब

महावग्गाच्या चीवरविषयक खंधकात एक प्रसंग नोंदलेला आहे. राजगृहाहून वैशालीकडे जाताना काही भिक्खू डोक्यावर, खांद्यावर, कमरेवर चीवरांची गाठोडी वाहून नेत असल्याचे भगवान बुद्धांना दिसले. एका माणसाला वस्त्रे किती लागतात, याची मर्यादा घालून देणे आवश्यक झाले. ती मर्यादा त्यांनी अंदाजाने सांगितली नाही. वैशालीच्या गोतमक चैत्याजवळ, हिवाळ्याच्या ऐन कडाक्याच्या रात्री, ते एकच चीवर अंगावर घेऊन उघड्यावर बसले. पहिला याम सरताना थंडी वाजली, तेव्हा दुसरे चीवर घेतले. मधला याम सरताना तिसरे आणि अंतिम याम संपून पूर्वेला उजाडू लागले तेव्हा चौथे. अशा रीतीने संपूर्ण रात्रीला चार पदर पुरतात, हे स्वतःच्या देहावर पारखून घेतल्यानंतर त्यांनी तीन चीवरांची अनुज्ञा दिली : दुपदरी संघाटी, एकपदरी उत्तरासंग आणि एकपदरी अंतरवासक. दोन, एक आणि एक मिळून पदर चारच होतात.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या प्रसंगातील पद्धत पाहावी. येथे आधी प्रश्न आहे, मग प्रयोग आहे, वेळेनुसार नोंद आहे आणि शेवटी निष्कर्ष आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने त्यातील पदर पाहावेत. एका जाड वस्त्रापेक्षा त्याच वजनाची दोन वस्त्रे अधिक ऊब देतात, कारण दोन पदरांमध्ये हवेचा थर अडकतो आणि स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत दुर्वाहक असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिक येथे बेंजामिन थॉम्प्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड यांनी लोकर, पिसे, फर अशा पदार्थांवर प्रयोग करून हेच दाखवून दिले, की ऊब त्या पदार्थापेक्षाही त्यात कोंडलेल्या हवेमुळे मिळते. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक घालून गोधडी शिवत, तेव्हा त्या कापसासूताबरोबर हवाही शिवत होत्या. वाकळ, गोधडी, घोंगडी ही गरिबीची चिन्हे मानून टाकून देण्यात आली. खरे पाहता ती उष्णतारोधनाची उत्तम साधने आहेत.

अंगाखाली काय आहे?

पांघरुणाचा विचार सर्वजण करतात, अंथरुणाचा फार थोडे. शहाबादी फरशीवर एक चटई टाकून वर दोन रग घेतले, तरी पाठ गार राहते. उष्णता तीन मार्गांनी जाते : वहन, अभिसरण आणि प्रारण. यांपैकी वहन म्हणजे स्पर्शाने होणारा उष्णतेचा प्रवास. फरशी, दगड, सिमेंट हे देहातील उष्णता सतत ओढून घेतात. शिवाय खालचे कापड आपल्याच वजनाने दबते आणि त्यातील हवा निघून जाते. म्हणून अंगाखाली सहज न दबणारी वस्तू हवी. काथ्याची गादी, पेंढ्याने भरलेले पोते, जाड पुठ्ठ्याचे थर किंवा लाकडी फळी यांपैकी काहीही चालते.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंना पाच प्रकारच्या गाद्यांची अनुज्ञा आहे : लोकर, चिंध्या, साल, गवत आणि पाने भरलेल्या. यांतील एकही वस्तू महाग नाही. पाचही हवा धरून ठेवणाऱ्या आहेत. नाहूरहून पश्चिमेकडे दिसणाऱ्या डोंगरांपलीकडे, त्याच वनात कान्हेरीची लेणी आहेत. तेथे अनेक शतके भिक्खूंचा निवास होता. निवासाच्या खोल्यांत निजण्या-बसण्यासाठी कोरलेले दगडी ओटे आजही पाहावयास मिळतात. जाड खडकाचे तापमान बाहेरच्या हवेप्रमाणे झपाट्याने बदलत नाही, त्यामुळे लेण्यात उन्हाळ्याचा ताप आणि हिवाळ्याचा गारठा दोन्ही सौम्य होतात. पण ओटा शेवटी दगडाचाच. त्यावर गवताची किंवा चिंध्यांची गादी का लागत असेल, हे सहलीला गेलेल्या विद्यार्थ्याला पाच मिनिटे बसूनच कळेल.

येथे माजी विद्यार्थ्यांना एक सूचना करावीशी वाटते. प्रत्येक हिवाळ्यात वस्त्यांमध्ये आणि वसतिगृहांत ब्लँकेटवाटप होते. ते स्तुत्यच आहे. मात्र पांघरूण देणारे पुष्कळ आणि अंथरूण देणारे थोडे, अशी स्थिती आहे. जेथे मुले फरशीवर निजतात, तेथे दुसऱ्या ब्लँकेटपेक्षा पहिली गादी अधिक ऊब देईल.

छप्पर, दार आणि खिडकी

पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्यांचा अनुभव असा, की निरभ्र रात्री घरात बाहेरच्यापेक्षाही जास्त गारठा जाणवतो. हा भास नव्हे. निरभ्र आकाशाकडे पत्रा प्रारणाने उष्णता टाकत राहतो आणि भोवतालच्या हवेहूनही थंड होतो. आतील श्वासाची वाफ त्यावर जमून पहाटे थेंब पडतात. अंथरूण दमट होते आणि दमट कापूस ऊब धरत नाही. गाद्या-गोधड्यांना अधूनमधून ऊन दाखवण्याच्या जुन्या रीतीमागे हेही एक कारण आहे.

यावर उपाय म्हणजे पत्र्याखाली चार बोटे अंतर ठेवून दुसरा थर बसवणे. बांबूची चटई, प्लायवूड किंवा जाड ताडपत्री यांपैकी जे परवडेल ते घ्यावे. मधली हवा स्थिर राहावी म्हणून कडा बंद कराव्यात. थर्मोकोल ऊब चांगली धरतो, पण तो पेट घेतो. चुलीच्या किंवा गॅसच्या वर तो कधीही लावू नये. हाच थर एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या पत्र्याची धग खाली येऊ देत नाही. एकदा केलेला खर्च दोन ऋतूंत उपयोगी पडतो, हे गरीब कुटुंबाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

दाराखालच्या फटीतून येणारा वारा जुन्या साडीची घट्ट गुंडाळी ठेवून अडवता येतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेची खिडकी दिवसा उघडी ठेवून ऊन आत घ्यावे आणि सूर्यास्तापूर्वी पडदा ओढावा. लडाखमध्ये फे या गावाजवळ सेकमॉल संस्थेचे निवासी शिक्षणसंकुल आहे. तेथील मातीच्या जाड भिंतींच्या इमारती दक्षिणेकडील काचांतून दिवसाचे ऊन घेतात आणि रात्रभर राखतात. जेथे पारा शून्याच्या पुष्कळ खाली जातो, तेथे विद्यार्थी मुख्यतः सूर्याच्या भरवशावर राहतात. आपली गरज त्यांच्या दशांशानेही नाही. तत्त्व मात्र तेच आहे.

आंघोळीच्या पाण्याचा हिशेब

आपल्याकडे हिवाळ्यातील उष्णतेवरचा मोठा खर्च खोली तापवण्यावर होत नाही, तो पाणी तापवण्यावर होतो. त्याचे गणित सातवीच्या विद्यार्थ्यालाही येईल. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवण्यास एक किलोकॅलरी लागते. 15 लिटरची बादली 22 अंशांवरून 42 अंशांवर न्यावयाची, तर 15 × 20 = 300 किलोकॅलरी. विजेचे एक युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी. म्हणजे एका आंघोळीला सुमारे 0.35 युनिट पुरते. शंभर मुलांच्या वसतिगृहाला दररोज 35 युनिट.

प्रत्यक्षात बिल याहून जास्त येते, ते गळतीमुळे. 25 लिटरच्या गिझरमधील पाणी 60 अंशांवर नेण्यास सुमारे 1.1 युनिट लागते आणि त्यात थंड पाणी मिसळून तीन बादल्या होतात. तीन माणसांनी लागोपाठ आंघोळ केली, तर हिशेब बरोबर जुळतो. एकाने सहाला, दुसऱ्याने आठला आणि तिसऱ्याने दहाला केली, तर मधल्या वेळेत टाकीतील उष्णता भिंतीला आणि हवेला दिली जाते. रात्रभर चालू ठेवलेला गिझर हेच काम रात्रभर करतो. साठवणीच्या गिझरवरील तारांकने टाकीतून उष्णता किती कमी निसटते हे दर्शवतात. खरेदी करताना ती पाहावीत.

मोठ्या इमारतीत आणखी एक गळती असते. गच्चीवरील टाकीपासून स्नानगृहापर्यंत एक इंची नळ 20 मीटर लांब असेल, तर त्यात सुमारे 10 लिटर पाणी मावते. सकाळी पहिला नळ सोडणारा ते गार झालेले पाणी ओतून देतो. नळाला उष्णतारोधक वेष्टन घालणे हे काम खर्चाच्या मानाने फार फायद्याचे आहे. सौर बंबाच्या बाबतीत तर ते अनिवार्य आहे. दररोज 100 लिटर पाण्यासाठी साधारण 2 चौरस मीटरचा सौर संग्राहक लागतो; पण दुपारी तापलेले पाणी दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत टिकले पाहिजे. टाकीचे आणि नळांचे वेष्टन फाटले असेल, तर सूर्याने दिलेले पाणी रात्र काढून घेते.

जुन्या वाड्यांतील तांब्याचा बंब याच दृष्टीने पाहावा. त्यात विस्तवाची नळी मधोमध आणि पाणी तिच्या चहूबाजूंनी असते. उघड्या चुलीवर लाकडातील उष्णतेच्या शंभर भागांतून दहा-पंधरा भागच भांड्यापर्यंत पोहोचतात. बंबात ज्वाळेला पाण्याच्या कुशीतूनच जावे लागते. मात्र असा बंब ज्या घरांत होता, त्या घरांत सरपण कोण आणून टाकत होते, हा प्रश्न इतिहासाने विचारावाच लागतो. वतनी महारांच्या कामांत सरकारी अंमलदारांसाठी लाकूडफाटा पोहोचवण्याचे कामही असे. दुसऱ्याची चूल आणि दुसऱ्याचा बंब पेटता ठेवणाऱ्याच्या स्वतःच्या खोपटात रात्री विस्तव असेलच, याची शाश्वती नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे अशाच मोबदल्याविना राबणाऱ्या माणसांचा प्रश्न होता. ऊब हा श्रमाचाही इतिहास आहे.

जन्ताघर आणि धुराची वाट

आता दुसऱ्या नियमाकडे वळू. थंडीसाठी विस्तव पेटवण्याविषयी विनयपिटकात सावधगिरी दिसते. पाचित्तिय नियमांत अशी हकिकत आहे, की हिवाळ्यात काही भिक्खूंनी एक पोकळ ओंडका पेटवून शेक घेतला. ओंडक्याच्या पोकळीतील काळा साप धगीने बाहेर आला आणि भिक्खूंच्या अंगावर धावला. त्यानंतर शेकण्यासाठी विस्तव पेटवण्यास मनाई झाली. मात्र आजारी भिक्खूला ती सवलत लगेच देण्यात आली. नियम कडक आहे, पण रुग्णाच्या आड येत नाही.

याउलट चुल्लवग्गात जन्ताघर, म्हणजे शेक घेण्याची उष्ण खोली, यास अनुज्ञा आहे. सूचना वैद्य जीवक यांची होती. भिक्खूंच्या प्रकृती बिघडलेल्या पाहून त्यांनी चंक्रमण म्हणजे येरझारांसाठी मार्ग आणि जन्ताघर यांची शिफारस केली. पुढे येणारा तपशील बांधकामाचा आहे. खोली लहान असेल तर अग्निस्थान एका कडेला करावे, मोठी असेल तर मधोमध. आणि धूर जाण्यासाठी धूमनेत्र ठेवावे. म्हणजे उष्ण खोली बांधतानाच धुराची वाट बांधण्यात आली. त्या काळी कार्बन मोनॉक्साइडचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. बंद खोलीत विस्तव ठेवणे घातक, हे निरीक्षणाने कळण्यासारखे होते.

आज नाव ठाऊक असूनही माणसे मरतात. थंडीच्या दिवसांत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवून निजलेले कुटुंब सकाळी उठले नाही, अशा बातम्या दरवर्षी येतात. मुंबई-पुण्याच्या बंद स्नानगृहांतील गॅस गिझरनेही बळी घेतले आहेत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. डोके जड होते, गुंगी येते आणि माणसाला ती झोप वाटते. म्हणून पुढील गोष्टींत तडजोड नको. गॅस गिझर स्नानगृहाच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. निजण्याच्या खोलीत शेगडी ठेवू नये. शेक घ्यावयाचाच तर दार उघडे ठेवून, जागेपणी घ्यावा आणि निजण्यापूर्वी शेगडी बाहेर न्यावी. दाराखालची फट बुजवण्याचा जो उपाय वर सांगितला, तो जेथे काही जळत नाही अशाच खोलीसाठी आहे. पाणी तापवण्याची विजेची कांडी वापरणाऱ्यांनी बटण बंद करून प्लग काढल्याखेरीज पाण्याला हात लावू नये.

चुलीचा धूर हळूहळू मारतो. घरातील धुराच्या प्रदूषणामुळे 2020 या वर्षी जगात सुमारे 32 लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत स्त्रिया आणि लहान मुले यांचा वाटा मोठा आहे, कारण चुलीजवळ तीच असतात. गावाकडे चूल असेल, तर तिच्यावर धुराडे बसवणे हा घरातील आईच्या फुप्फुसांचा विमा समजावा.

ज्याला थंडी सांगता येत नाही

घरातील सर्वांत जास्त धोका नवजात अर्भकाला असतो. त्याच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते. अंग ओले असते. त्याला पांघरूण ओढून घेता येत नाही. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून धुरी देण्याची रीत आहे. ऊब देण्याचा हेतू योग्य. बंद खोलीतील धूर मात्र त्याच बाळाच्या छातीत जातो.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 ते 1998 या काळात 39 गावांमध्ये घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. जंतुसंसर्गावर उपचार, श्वास गुदमरल्यास मदत, स्तनपान आणि बाळाला उबदार ठेवणे अशी अनेक कामे त्यात होती. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. हे यश सर्व कामांचे मिळून आहे. परंतु ऊब राखणे हा त्यातील एक अविभाज्य भाग होता आणि त्यासाठी वीज लागली नाही, विस्तव लागला नाही. बाळाला जन्मतःच कोरडे करणे, डोके झाकणे, आंघोळीची घाई न करणे आणि आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालणे : आईचा देह ही सर्वांत सुरक्षित शेगडी आहे. तिला धूर नाही.

करून पाहण्यासारखे

हा लेख वाचून बाजूला ठेवण्यापेक्षा एका रात्री तो पडताळून पाहावा. विद्यार्थ्यांनी सारख्या आकाराच्या तीन तांब्यांत सारखेच गरम पाणी घ्यावे. एक उघडा ठेवावा, दुसरा झाकावा, तिसरा झाकून गोधडीत गुंडाळावा. दर अर्ध्या तासाने तापमापकाने नोंद घ्यावी आणि आलेख काढावा. पालकांनी संध्याकाळी घरातील प्रत्येक फटीजवळ उदबत्ती धरून तिचा धूर कोणीकडे वळतो, ते पाहावे. जेथे काही जळत नाही त्या खोलीतील फटी बुजवाव्यात. जेथे जळते तेथील झरोका उघडा आहे ना, याची खात्री करावी. माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियंते, वीजतंत्री, नळकारागीर झाले आहेत, त्यांनी आपापल्या जुन्या वसतिगृहाच्या गच्चीवर एकदा जाऊन टाकीचे आणि नळांचे वेष्टन तपासावे. देणगीच्या पावतीवर न मावणारे हे दान आहे.

वैशालीच्या त्या रात्री चार पदरांनंतर पाचवा घेण्यात आला नाही, कारण तो लागला नाही. आपल्या घरांसाठीही हाच मापदंड पुरेसा आहे : गरज मोजावी, गळती थांबवावी, श्वासाची वाट मोकळी ठेवावी आणि आपल्याला पुरून उरलेले पांघरूण, विशेषतः अंथरूण, ज्याची पाठ फरशीला टेकली आहे त्याच्यापर्यंत पोहोचवावे.